शाल-श्रीफळ पुरे, कलावंताचा हक्क द्या!

एखादा म्हातारा शाहीर किंवा तमाशातली जुनी कलावंतीण आजारी पडल्याची बातमी छापून येते. दोन दिवस हळहळ व्यक्त होते. कुणी मंत्री फोन करतो, कुणी पुढारी फळांची परडी घेऊन रुग्णालयात जातो, फोटो निघतात. तिसऱ्या दिवशी सारे विसरतात. पुढे तो कलावंत गेला की शोकसंदेशांचा पाऊस पडतो आणि काही वर्षांनी त्याच्या नावाने पुरस्कार सुरू होतो. महाराष्ट्रात लोककलावंतांच्या वाट्याला येणाऱ्या सरकारी आश्रयाची ही ठरलेली रीत होऊन बसली आहे. म्हणून आम्हाला तीन साधे प्रश्न विचारायचे आहेत. कलेसाठी सरकारी तिजोरीतून जाणारा पैसा कोणाचा? तो मिळतो कोणाला? आणि तो कोणाला द्यायचा, हे ठरवतो कोण?

हे प्रश्न आजचे नाहीत. १८५५ साली महात्मा जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला भिक्षुक जोशी ग्रहदशेची भीती घालून कसा लुबाडतो आणि शेवटी ते नवरा-बायको शिक्षणाची वाट कशी धरतात, हे त्या नाटकात आहे. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. ही कमिटी काय होती, हे आमच्या तरुण वाचकांनी समजून घेतले पाहिजे. पेशवाईत पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. रयतेच्या घामातून आलेला तो पैसा होता. इंग्रजी अमलात त्यातला काही भाग मराठी ग्रंथांना बक्षिसे देण्यासाठी वळवला गेला. म्हणजे पैसा रयतेचा, पण ग्रंथ पारखायला बसलेले पंच कोण? जोतीरावांनी पुढे 'गुलामगिरी'त लिहून ठेवले आहे की, कमिटीतल्या भट सभासदांच्या हट्टापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही आणि नाटक नापसंत झाले. ते छापून वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडावे लागले. सव्वाशे वर्षे ते अंधारात राहिले!

आता दुसरी बाजू पाहा. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन त्यांच्या पाठीशी उभे होते. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. भाव्यांच्या कर्तबगारीबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही. पण अवघ्या बारा वर्षांच्या अंतराने दोन नाटके आली. पुराणातल्या कथेला दरबाराचा आधार मिळाला आणि कुणब्याच्या घरातल्या दुःखाला कमिटीने दार बंद केले. राजाश्रय कोणाकडे झुकतो, याचा धडा मराठी नाटकाच्या पहिल्याच पानावर लिहिलेला आहे.

राजाश्रय म्हटला की तो वाईटच, असे मात्र नाही. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. त्याच राजाने कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभारले, तालमींना आणि कुस्तीला बळ दिले, अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयाला दरबारी मान दिला. पॅलेस थिएटर म्हणजेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत जळाले तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले आणि सरकारलाही ते पुन्हा उभारण्याची घोषणा करावी लागली. शाहू महाराजांना भाकरी, शिक्षण, नोकरी आणि कला या वेगवेगळ्या गोष्टी वाटल्या नाहीत. माणसाला माणूस म्हणून उभे करायचे तर त्याला वसतिगृह हवे आणि रंगमंचही हवा, हे त्यांना उमगले होते. आजच्या सांस्कृतिक खात्याने निदान एवढे तरी त्यांच्याकडून शिकावे.

आमच्या समाजाच्या वाट्याला मात्र राजाश्रय फारसा आला नाही. आमची कला जगली ती लोकाश्रयावर. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा बाज घेतला आणि त्यात जोतीरावांचा विचार भरला. त्याच वाटेने १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे निघाले. शाहीर भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव, वस्त्यावस्त्यांतून जलसे केले. मेलेले ढोर ओढू नका, दारू सोडा, लग्नात कर्ज काढू नका, पोरांना आणि पोरींना शाळेत घाला, हे त्यांनी गाण्यातून आणि बतावणीतून सांगितले. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते त्यांच्यापर्यंत 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' वाचून पोहोचणार कसा? बाबासाहेबांचा विचार त्यांच्या कानावर पोहोचवला तो ढोलकी, तुणतुणे आणि झांज घेतलेल्या माणसांनी. या माणसांना कोणत्या खात्याचे अनुदान होते? वस्तीने वर्गणी काढली, वस्तीने भाकरी दिली आणि वस्तीनेच रात्रभर बसून ऐकले. कर्डकांनी हा इतिहास 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' या पुस्तकात १९७८ साली नोंदवून ठेवला, म्हणून तो आज आपल्या हाती आहे. ज्यांनी नोंदवला नाही त्यांचा गेला.

लोककवी वामनदादा कर्डक यांचेच उदाहरण घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी १९२२ साली ते जन्मले. लिहायला-वाचायला शिकले ते मोठेपणी, मुंबईत कष्ट करता करता. १९४३ पासून त्यांनी गाणी रचली आणि २००४ साली डोळे मिटेपर्यंत ते गावोगाव गात फिरले. त्यांच्या गाण्यांवर किती गायक उभे राहिले, किती कॅसेट निघाल्या, किती सभा गाजल्या! त्या गाण्यांनी कितीजणांची घरे चालवली, पण वामनदादांच्या पायाची वणवण अखेरपर्यंत थांबली नाही. शाहीर विठ्ठल उमप तर नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले. त्या वेळी त्यांचे वय ७९ होते. कला हा आमच्या शाहिरांचा फावल्या वेळेतला छंद नव्हता, हे सांगायला याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

तमाशाची कहाणी याहून कडू आहे. तमाशाच्या फडावर घाम गाळला तो महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या स्त्री-पुरुषांनी. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा इथल्या पवळाबाई महार समाजातल्या. त्यांनी तमाशाच्या बोर्डावर स्त्रीला उभे केले. पठ्ठे बापूराव हे जन्माने ब्राह्मण, पण त्यांनी या कलेसाठी घरदार सोडले आणि तेही १९४५ साली हालअपेष्टांत गेले. या कलेत शिरलेल्या माणसाला समाज कोणत्या पंगतीत बसवतो, हे त्यांच्याही वाट्याला आले. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेचे कारण सांगून तमाशावर बंदी घातली. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले होते. याच काळात अण्णाभाऊंनी तमाशाला नवा आशय दिला आणि 'लोकनाट्य' म्हणून तो ताठ मानेने लोकांपुढे ठेवला. सरकारने ज्याला अश्लील म्हटले त्याच साच्यातून त्यांनी कामगारांचे लढे बोलते केले. अण्णाभाऊ १९६९ साली गेले ते दारिद्र्यात. त्यांचे टपाल तिकीट निघाले २००२ साली.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव कोणाला ठाऊक नाही? तमाशा चालू असताना प्रसूतीच्या कळा आल्या, पडद्यामागे बाळाला जन्म दिला आणि ही बाई पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही गोष्ट सारा महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. आम्हाला या कौतुकाची चीड येते. बाळंतिणीला त्या रात्री विसावा का मिळाला नाही, असे कुणी विचारत नाही. तिकिटे विकली गेली होती आणि फडातल्या माणसांची पोटे त्या रात्रीच्या खेळावर अवलंबून होती. एखाद्या कारखान्यात असे घडले असते तर आपण त्याला पिळवणूक म्हटले असते. तमाशात घडले म्हणून त्याला 'कलेवरची निष्ठा' म्हणायचे? राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या बाईचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचा खर्चही देणगीदारांच्या मदतीने भागवावा लागला. नंतर सरकारने त्यांच्याच नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच आहे. पण विठाबाईंना तो उपयोगी पडला नाही.

इथे चळवळीपुढचा एक अवघड प्रश्नही टाळता येणार नाही. तमाशातल्या बाईच्या कलेचा गौरव करायचा, की तिला त्या जातीने लादलेल्या धंद्यातून बाहेर काढायचे? आंबेडकरी चळवळीने सन्मानाचा आग्रह धरला तो योग्यच होता. जातीने नेमून दिलेले काम कितीही नटवले तरी ते बंधनच असते. पण धंद्याची लाज वाटली म्हणून त्या बाईचीच लाज वाटू लागली, तर सन्मान कुठे राहिला? डॉ. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर अनेक वर्षे संशोधन केले. त्यांचा 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हा ग्रंथ २०२२ साली आला आणि २०२४ साली त्यांना अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. येरवड्याच्या वस्तीत वाढलेली आपली लेक तमाशातल्या बायांचे जगणे जगाच्या विद्वत्सभेत मांडते, ही अभिमानाची गोष्ट आहे. अश्लीलतेचा शिक्का बाईच्या अंगावर मारणारी जातव्यवस्थाच असते, हे आपण या अभ्यासातून घेतले पाहिजे. म्हणून आमचे उत्तर असे आहे. जिला कला सोडायची आहे तिला दुसरा रोजगार मिळाला पाहिजे, जिला करायची आहे तिला कामगाराचे सगळे हक्क मिळाले पाहिजेत आणि दोघींच्या लेकरांना शाळा मिळाली पाहिजे. सरकारी आश्रयाचा खरा अर्थ हाच.

आता सध्याच्या योजना पाहू. वृद्ध साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची योजना महाराष्ट्रात १९५० च्या दशकापासून आहे. अलीकडे तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले गेले. पूर्वी कलावंतांचे राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा असे तीन वर्ग पाडले जात आणि जिल्हा पातळीवरच्या कलावंताला महिन्याला २,२५० रुपये मिळत. २०२४ मध्ये ते वर्ग जाऊन सरसकट ५ हजार रुपये ठरले. ही वाढ स्वागतार्ह आहे. पण वयाची पन्नाशी उलटल्यावर, उत्पन्नाचा दाखला काढून, कलेत इतकी वर्षे घालवल्याचे पुरावे जोडून अर्ज करायचा आहे. जिने आयुष्य राहुटीत आणि ट्रकमध्ये काढले, जिचे नाव जाहिरातीच्या कागदावर कधी छापलेच गेले नाही, तिने पुरावा आणायचा कुठून? वर्तमानपत्राची कात्रणे जपून ठेवायला आधी घराला भिंती लागतात. मग ज्याला तालुक्याच्या कचेरीत ओळख आहे, ज्याच्यासाठी पुढारी शब्द टाकतो, त्याचा अर्ज पुढे सरकतो आणि ढोलकीवाला दारातच उभा राहतो. दक्षिणा कमिटी १८५५ साली होती. आज तिची नावे बदलली आहेत, खुर्च्यांची मांडणी बदलली आहे का?

फडांचेही तेच. पुणे जिल्ह्यातले नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास गावोगावचे पुढारी तिथल्या राहुट्यांवर येतात आणि जत्रेच्या सुपाऱ्या ठरतात. फडमालक सावकाराकडून कर्ज काढतो, कलावंत मालकाकडून उचल घेतो आणि साऱ्यांचे वर्ष चैत्र-वैशाखाच्या जत्रांवर तरते. २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षे कोरोनाने नेमका हाच हंगाम बुडवला. २०२१ मध्ये सरकारने कलावंतांना एकरकमी ५ हजार रुपयांची मदत जाहीर केली. दोन बुडालेल्या हंगामांना पाच हजार! शेतकऱ्याचे पीक बुडाले तर पंचनामा होतो, विम्याची भाषा होते. कलावंताचा हंगाम बुडाला तर पंचनामा करायला तलाठी येत नाही.

आश्रयाला दुसरीही एक बाजू असते, ती लगामाची. इंग्रजांनी १८७६ साली नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. तो रद्द व्हायला २०१८ साल उजाडले. महाराष्ट्रात तर नाटक रंगमंचावर येण्याआधी त्याची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. एकीकडे सरकारच्या योजनांचा प्रचार करायला कलापथके बोलावली जातात आणि दुसरीकडे सरकारला प्रश्न विचारणाऱ्या शाहिराच्या मागे पोलीस लागतात. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा बळी गेला. ते दुःख सहन न होऊन शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी आपले जीवन संपवले. कबीर कला मंचाच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांच्यावर नक्षलवादी संबंधांचा आरोप ठेवला गेला. एप्रिल २०१३ मध्ये ते विधानभवनासमोर गाणी म्हणत पोलिसांच्या स्वाधीन झाले. सचिन माळी यांना जामीन मिळाला तो जानेवारी २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयातून. तोपर्यंत आयुष्याची जवळपास चार वर्षे तुरुंगात गेली होती. अनुदान घेणाऱ्याने सरकारची आरती ओवाळावी, अशी अपेक्षा असेल तर ते अनुदान नव्हे, ती खरेदी आहे. पैसा जनतेचा आहे, मंत्र्याच्या खिशातला नाही. त्यामुळे तो घेऊनही कलावंताला सरकारविरुद्ध गाण्याचा पूर्ण हक्क आहे.

काहीजण म्हणतील, शाळांना छप्पर नाही, दवाखान्यात औषध नाही, तिथे गाण्या-बजावण्यावर पैसा कशाला? हा प्रश्न आमच्या समाजातले शिकलेले लोकही विचारतात. त्यांना आमचे सांगणे असे की, पैसा आजही खर्च होतोच आहे. शहरातली वातानुकूलित नाट्यगृहे पालिकेच्या पैशातून उभी आहेत, महोत्सव सरकारी निधीतून होतात, संमेलनांना अनुदाने मिळतात. प्रश्न खर्च करायचा की नाही हा नसून तो कोणाच्या वाट्याला येतो, हा आहे. दुसरे म्हणजे, आमच्यासाठी कला हीच शाळा होती. १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' नाटक बाबासाहेबांसमोर झाले. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कॉलेजात ग्रंथालयाइतकीच रंगमंचालाही जागा होती. त्या वाटेवरून पुढे दलित रंगभूमी उभी राहिली. दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी, संजय पवार यांनी मराठी नाटकाला त्याने टाळलेले प्रश्न विचारायला लावले. २०१२ साली आलेल्या 'शिवाजी अंडरग्राऊंड इन भीमनगर मोहल्ला'ने शिवरायांना जातीयवाद्यांच्या तावडीतून सोडवून कष्टकऱ्यांच्या वस्तीत आणले. हे काम कोणत्या सरकारी परिपत्रकाने झाले असते?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. मानधन महागाईशी जोडा आणि पुरावा म्हणून ग्रामसभेची व सहकलावंतांची साक्ष ग्राह्य धरा. निवड समित्यांवर निम्मे सदस्य लोककलावंत असावेत, त्यांत दलित, भटके-विमुक्त आणि स्त्रिया असाव्यात आणि निवडलेल्यांची यादी कारणांसह जाहीर लावावी. फडावरच्या कलावंताला कामगार म्हणून नोंदवा, त्याला भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाचा विमा आणि बुडालेल्या हंगामाची भरपाई द्या. त्यांच्या मुलांसाठी फडांच्या मुक्कामाजवळ वसतिगृहे काढा. तालुक्याच्या गावी आणि वस्त्यांतल्या समाजमंदिरांत तालमीची सोय करा. जलशाची, भीमगीतांची जुनी गाणी, वह्या आणि ध्वनिफिती गोळा करून जतन करा, कारण ज्यांच्या ओठांवर ती आहेत ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ ने आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या प्रत्येक गटाला दिला आहे. तो हक्क कागदावर ठेवायचा नसेल तर त्यासाठी पैसा लागतो.

पण सारा दोष सरकारच्या माथी मारून आपली सुटका होणार नाही. वाचक बांधवांनो, १४ एप्रिलला आपल्या वस्तीत जी वर्गणी जमते तिचा हिशेब एकदा मांडून पाहा. डीजेच्या भिंतींना किती, रोषणाईला किती, कमानीला किती आणि गाणाऱ्या माणसाला किती? ज्या समाजाने उपाशीपोटी वर्गणी काढून जलसे जगवले, त्याच समाजाच्या जयंतीत आज शाहिराला रात्री अकरानंतर, गर्दी पांगल्यावर माईक मिळतो आणि मानधनाच्या जागी शाल मिळते. बाईने गायले तर तिचे पाकीट आणखी हलके. डीजेवर वाजते ते गाणेही कुणीतरी लिहिलेले असते, हे नाचणाऱ्या पोरांना कोणी सांगतच नाही. सरकारी समितीला जाब विचारायचा तर आपल्या मंडळाचा ताळेबंदही लोकांपुढे ठेवण्याची तयारी हवी.

यंदाच्या जयंतीपासून प्रत्येक मंडळाने एवढे करावे. वर्गणीचा ठरावीक वाटा जिवंत गाणाऱ्या कलावंतासाठी आधीच बाजूला काढावा. त्याला सन्मानाने, ठरलेल्या वेळी, पहिल्या रांगा भरलेल्या असताना बोलवावे आणि ठरलेली रक्कम कार्यक्रमाच्या आधी हातात द्यावी. वस्तीतल्या म्हाताऱ्या गायक-गायिकांची नावे, त्यांची गाणी आणि त्यांनी कुठे कुठे गायले, ते मंडळातल्या शिकलेल्या पोरांनी वहीत लिहून काढावे. मानधनाच्या अर्जाला पुरावा नाही म्हणून कोणी परत पाठवले, तर तीच वही घेऊन शंभर माणसांनी कचेरीत जावे. जोतीरावांचे नाटक नाकारणाऱ्या कमिटीपुढे त्या वेळी ते एकटे होते. आज आपले शाहीर एकटे नाहीत, हे कचेरीतल्या साहेबांना दिसले पाहिजे.

जय भीम!